आधी आवाज, मग वारा

आमच्या प्रामोर गावात कुणाच्या घरात काय बिघडलंय ते मला सगळ्यांच्या आधी कळतं. एकतीस वर्षं या चढावर मी घरोघर टपाल वाटलं. नोकरीतून निवृत्त झाले, पण चौकशा करण्यातून कुणी निवृत्त करत नाही. अत्तीलियोची शेगडी बिघडल्याचं कळायला मात्र चौकशीसुद्धा करावी लागली नाही. त्याच्या आणि माझ्या स्वयंपाकघराच्या मधे एकच भिंत आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी त्या भिंतीतून आवाज यायला लागला. पत्र्याच्या बादलीत खडे घालून कुणीतरी ती गरगर फिरवतंय, असा.

"अरे, घरात गिरणी घातलीस की काय?" मी खिडकीतून ओरडले.

"शेगडीचा पंखा!" तो पलीकडून ओरडला. "संध्याकाळपर्यंत गप्प करतो बघ त्याला!"

अत्तीलियो कुणालातरी गप्प करणार, हे ऐकूनच मला हसू आलं. जन्मात तो स्वतः कधी गप्प बसला नव्हता. आणि संध्याकाळ राहू दे, त्या पंख्याने त्याचे पुढचे अठरा दिवस खाल्ले.

पण ही गोष्ट अत्तीलियोची नाही. त्याला तसं वाटत असेल, वाटू दे. ही त्याच्या बायकोची, ओनोरिनाची आहे.

ओनोरिना सत्तर वर्षांची. बुटकी, रुंद खांद्यांची, आणि बारा महिने थंड भांड्यांत हात घालून बोटं कायमची लाल झालेली. आमच्या या झोल्दोच्या डोंगरी खोऱ्यातली निम्मी माणसं आइस्क्रीमवाली. फेब्रुवारी संपता संपता घराला कुलूप लावायचं, जर्मनीत जाऊन दुकान उघडायचं, आणि ऑक्टोबरात परत यायचं. आमच्याकडे लग्नं हिवाळ्यात होतात, भांडणंही हिवाळ्यात होतात, कारण उन्हाळ्यात गावात असतं कोण? मी आणि मांजरं. ओनोरिना आणि अत्तीलियोने असे चव्वेचाळीस उन्हाळे जर्मनीतल्या हाइलब्रॉनला काढले. पाटीवर नाव त्याचं. तो पुढे गल्ल्यावर उभा राहून बायकांना हसवायचा, पोरांना जास्तीचा चमचा द्यायचा. ती मागे, काचेच्या भिंतीपलीकडे, मशिनांपाशी. लोक म्हणायचे, अत्तीलियोचं आइस्क्रीम काय छान असतं! आइस्क्रीम तिचं असायचं. त्याची असायची ती नुसती बडबड.

तिचा कान मात्र पंचक्रोशीत नावाजलेला. पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाची लापशी, घोटायचा घरून नेलेला लांब लाकडी दांडा होता तिच्याकडे. मशीन वेगळं बोलायला लागलं की दांड्याचं एक टोक मशीनला टेकवायची, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायची. एकदा म्हणे कंपनीचा मेकॅनिक सकाळपासून मशीन उघडून बसला होता. हिने दांडा लावला आणि म्हणाली, "डावं बेअरिंग." तो हसला. दुपारी त्याने डावं बेअरिंग बदललं, आणि जाताना दांड्याला हात लावून बघितला. हे मला अत्तीलियोनेच सांगितलंय, निदान वीस वेळा.

गेल्या जूनमध्ये ती तिथेच, मशीनपाशी पडली. मेंदूत रक्ताची गाठ. उजवा हात गेला, पाय ओढत चालण्याइतका आला, आणि आवाज नाहीसा झाला. शब्द सगळे जागेवर होते, डोकं लख्ख होतं, पण तोंडातून निघायची ती फक्त कुजबुज, तीही तुटक. सप्टेंबरात दोघं कायमची गावी आली. खालच्या दवाखान्यातली बोलणं शिकवणारी मुलगी दर बुधवारी येते. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "रोज बोलायचं. थोडं का होईना, पण रोज. या हिवाळ्यात जेवढा आवाज परत येईल तेवढा आपला. नंतर अवघड आहे."

ऑक्टोबरभर ती बोलली. खुर्ची शेगडीजवळ, अत्तीलियो समोर. "मीठ." "खिडकी." "मूर्ख." हळूहळू पूर्ण वाक्यंसुद्धा. मग थंडी वाढली, शेगडी दिवसभर चालायला लागली, आणि तो पंखा सुरू झाला.

शेगडी पेलेटची. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या वरून तिच्या पोटात ओतायच्या, बटन दाबायचं, बाकी सगळं ती करते. पेटते आपण, विझते आपण, आणि समोरच्या जाळीतून गरम वारा सोडते. जुनी लाकडाची चूल त्यांनी सहा वर्षांपूर्वीच काढली. अत्तीलियोच्या पाठीला आता ओंडके उचलवत नाहीत, आणि धुराडं एकच. म्हणजे ही बंद ठेवली तर ओनोरिना गारठणार, आणि चालू ठेवली तर तिची कुजबुज कुणाला ऐकू येणार नाही.

मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय ते. ती काहीतरी म्हणायची.

"हं?" अत्तीलियो कान पुढे करायचा.

ती परत म्हणायची.

"काय? पाणी? पाणी हवंय?"

ती तिसऱ्यांदा म्हणायची, तोंड वाकडं होईपर्यंत जोर लावून. तो उठून पाणी आणायचा. तिला पाणी नको असायचं. ती पाणी प्यायची. रात्री शेगडी विझेपर्यंत औषधाने तिचा डोळा लागलेला असायचा. आठवडाभरात तिने बोलायचं सोडून दिलं. बुधवारी ती मुलगी आली, तिने विचारलं, "घरी बोलताय ना, ओनोरिना?" आणि अत्तीलियोच म्हणाला, "हो हो, बोलते की!" ओनोरिनाने नुसतं माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती, खोटं कशाला सांगू?

पण त्यालाही कळत होतंच. मेकॅनिकला त्याने पहिल्याच आठवड्यात फोन केला, तर तो म्हणाला, "नऊ डिसेंबरनंतर. सगळ्या खोऱ्याने एकाच आठवड्यात शेगड्या पेटवल्यात, मी एकटा कुठे कुठे पुरा पडू?" नऊ डिसेंबर म्हणजे पाच आठवडे. ओनोरिनाच्या हिवाळ्यातले पाच आठवडे.

"मग मीच करतो," अत्तीलियो म्हणाला.

"तू? तुला दिवा बदलता येत नाही," मी म्हणाले.

"शिकेन."

आधी त्याने शेगडीच्या पायांखाली पुठ्ठे घातले, जमीन वाकडी असेल म्हणून. मग बाहेरचे सगळे स्क्रू आवळले. मग कांड्या बदलल्या, दुसऱ्या लाकडाच्या आणल्या, जणू पंख्याला कांड्यांची चव कळते. आवाज होता तिथेच होता. शेवटी त्याने खालून पुढचा पंखा काढला, जो गरम हवा खोलीत फेकतो तो. शेगडी उघडायची म्हणजे ती आधी पूर्ण थंड होऊ द्यावी लागते, म्हणून ओनोरिनाला त्याने माझ्याकडे आणून बसवलं. पंखा झाडला, पुसला, आणि त्याच्या मोटरला ग्रीस लावलं.

ग्रीस कुठलं? तर आइस्क्रीमच्या मशिनाचं. आमच्या खोऱ्यात प्रत्येक घराच्या फडताळात त्याची एक ट्यूब असतेच. पांढरं, लोण्यासारखं, खाल्लं तरी चालेल असं. दाराची बिजागरी कुरकुरली, लाव. शिलाई मशीन अडलं, लाव. उणे वीस अंशात ते तसूभर हलत नाही. पण शेगडीच्या पोटात काय होईल, याचा विचार करायला आइस्क्रीमवाल्याचं डोकं थंड देशातून बाहेर यायला हवं ना!

दीड दिवस आवाज कमी वाटला. कमी झाला नव्हता, पण त्याला वाटला. मग घरभर जळक्या केकचा वास सुटला, ग्रीस वितळून जाळीतून गळलं, आणि ये रे माझ्या मागल्या.

तेव्हा तो माझ्याकडे आला. सकाळची वेळ होती. रोज सकाळी शेगडीचं बटन दाबायचं आणि पाव आणायला खाली सटकायचं, वाटेत कॉफी घ्यायची, चार लोकांशी बोलायचं, हा त्याचा नेम. त्या दिवशी पावाची पिशवी घेऊन तो माझ्या दारातच उभा राहिला. बोलत नव्हता, म्हणून मी घाबरले.

"काय रे? ती बरी आहे ना?"

"मशीन चालू होतं, ओलिवा," तो म्हणाला.

"कुठलं मशीन?"

"जूनमधलं. मी पुढे होतो. एका म्हातारीला विनोद सांगत होतो. मागे मशीन चालू होतं. मी आत गेलो तेव्हा ती जमिनीवर होती. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं झाली असतील." त्याने पिशवीची दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरली होती. "तिने हाक मारली असणार. मारलीच असणार ना? आणि मला मशिनाच्या आवाजात ऐकू आली नाही. आता परत तेच. ती समोर बसून बोलते आणि मला ऐकू येत नाही. मी तो पंखा काढून दरीत फेकेन, पण गप्प करेन."

"पाव गार होतोय," मी म्हणाले. कधी कधी माझ्या जिभेला सुद्धा लकवा मारतो.

दुसऱ्याच दिवशी त्याने नवा पंखा मागवला. तोच, पुढचा, मोटरसकट. खोकं यायला आठ दिवस लागले. ते आलं त्या शुक्रवारी सकाळी बर्फ पडत होता. मी ओनोरिनाला न्यायला गेले. शेगडी अजून चालू होती, खडखडत होती. अत्तीलियो तिच्या अंगात कोट चढवत तिच्या कानाशी ओरडत होता, "आता शेवटचं! तू हाक मारशील आणि मला ऐकू येणार नाही, असं परत व्हायचं नाही! एकदा झालं तेवढं बास!"

ओनोरिनाने मान हलवली. नाही, नाही. जोरात हलवली.

"नाही काय नाही? करणारच मी! तू लक्ष घालू नकोस!"

तिने त्याची बाही धरली, ओठ हलवले. त्याने हात सोडवून तिच्या गळ्याला मफलर गुंडाळला, चांगले तीन वेढे. आता तर तोंडच झाकलं गेलं.

माझ्या स्वयंपाकघरात शांत होतं. माझी चूल लाकडाची, ती फक्त तडतडते. मी ओनोरिनाला सूप दिलं, आणि बोलायला लागले. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचं मोडलं, चर्चच्या छताचं काय झालं. तास-दीड तास गेला. मग सहज तिच्याकडे बघितलं तर ती माझं संपायची वाट बघत होती. मला लाज वाटली. इतके दिवस मी अत्तीलियोला नावं ठेवत होते, आणि माझ्या घरात तर पंखाही नव्हता. मी तोंड मिटलं. ती श्वास घेऊन काहीतरी म्हणणार, तेवढ्यात खिडकीवर थाप पडली.

"झालं!" अत्तीलियो बाहेर बर्फात उभा राहून नाचत होता. "चला! नवाकोरा बसवलाय! चला ऐकायला!"

आम्ही गेलो. खोली गारठली होती. ओनोरिना तिच्या खुर्चीत बसली. अत्तीलियोने हात पुसले, बटन दाबलं.

आणि पत्र्याच्या बादलीत खडे फिरायला लागले.

तोच आवाज, जरासुद्धा कमी नाही. अत्तीलियोने शेगडीकडे बघितलं. मग तो तिथेच जमिनीवर बसला, हातात स्क्रू ड्रायव्हर, केसांत जळमटं. "परत उघडतो," तो म्हणाला. "काहीतरी चुकलं असेल. परत उघडतो." मला ओरडून सांगत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता.

ओनोरिना उठली.

काठी न घेता उठली, म्हणून मी पुढे झाले. तिने डाव्या हाताने मला बाजूला सारलं. तिने वाकून अत्तीलियोचं मनगट धरलं, त्याचा हात ओढला आणि पुढच्या जाळीसमोर धरला. तसाच धरून ठेवला.

"काय?" तो म्हणाला. "काय दाखवतेस?"

तिने ओठ हलवले. ऐकू आलं नाही.

"हं?"

तिने परत सांगितलं. मानेची शीर फुगली. खडखडाट चालूच होता. मला वाटलं, आता ती सोडून देईल, खुर्चीत जाऊन बसेल. पण तिने अत्तीलियोचं मनगट सोडलं नाही. दोन्ही पाय फाकवून नीट उभी राहिली, पोटात श्वास भरला, आणि त्या आवाजाच्या वरून, फुटक्या, घोगऱ्या आवाजात ओरडली,

"वारा! नाही!"

जूनपासून तिचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"वारा... नाही," ती परत म्हणाली. "आधी... आवाज. मग... वारा. रोज."

त्याने जाळीसमोरच्या आपल्या हाताकडे बघितलं. खरंच वारा नव्हता. शेगडी नुकती पेटत होती. गरम हवा फेकणारा नवाकोरा पंखा अजून सुरूच झाला नव्हता. आणि आवाज मात्र चालू होता. बटन दाबून तो रोज पावाला पळायचा. परत यायचा तेव्हा वारा आणि आवाज दोन्ही हजर असायचे, म्हणून त्याने दोघांची सांगड घातली. समोर बसून रोज हे ऐकत होती ती एकटी. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं अठरा दिवस चाललं होतं. आणि काखेत कळसा असताना हा गावाला वळसा घालत होता.

"मग कुठला?" तो म्हणाला. या अठरा दिवसांत शेगडीबद्दल तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

तिने भिंतीकडे बोट केलं. तिथे खुंटीला पोलेंट्याचा दांडा होता. हाइलब्रॉनवरून सामान आलं त्यात तो आला होता, आणि तेव्हापासून कुणी त्याला हात लावला नव्हता. मी काढून दिला. तिने त्याचं टोक शेगडीच्या पुढच्या पत्र्याला टेकवलं, दुसरं कानामागे, डोळे मिटले. मान हलवली. बाजूला सरकली. मग मागे, खाली. तिथे ती बराच वेळ थांबली. चेहऱ्यावर जी शांतता आली ती मी ओळखते. काचेपलीकडे मशिनापाशी उभी असायची तेव्हा ती अशीच दिसायची; तिच्या सासूने मला फोटो दाखवले होते.

"मागचा," ती म्हणाली. "धुराचा."

धूर धुराड्यात ढकलायला मागे दुसरा पंखा असतो. अत्तीलियोला तो असतो हेच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी तरी स्वतःला मेकॅनिक म्हणवत नव्हते.

"बंद कर," तिने हुकूम सोडला. "थंड... होऊ दे."

"मग तुला ओलिवाकडे सोडतो आणि—"

"मी. इथेच."

अंगात कोट, गळ्यात मफलर, पायांवर माझी शाल, आणि तोंडातून वाफ, अशी ती खुर्चीत बसली. खुर्ची शेगडीच्या मागे ओढून घेतली. तासाभराने पत्रा हाताला गार लागला. अत्तीलियो स्क्रूला भिडणार, एवढ्यात तिने दांड्याने त्याच्या पाठीवर टोचलं. "प्लग."

"हो, प्लग. काढतच होतो."

"काढत... नव्हतास."

मला इतकं हसू फुटलं की माझ्या हातातली बॅटरी हलली. त्याने प्लग काढला. मागचा पत्रा काढला. सहा स्क्रू, दोन तारा. तिने आधी तारा कुठल्या कुठे होत्या ते बघून ठेवायला लावलं. मग मोटर हळूच बाहेर ओढली, आणि तिच्या टोकाला असलेला पंखा उजेडात आला.

त्याच्या पात्यांवर राख बसली होती. एका बाजूला नुसती पुटं होती, पण दुसऱ्या बाजूला तीन पात्यांच्या मधे अक्रोडाएवढा गोळा, सिमेंटसारखा घट्ट. पंखा लंगडत फिरत होता, म्हणून सगळी शेगडी खडखडत होती.

"ही कुठून आली?" अत्तीलियो म्हणाला.

ओनोरिनाने नुसत्या भुवया उचलल्या. मलाही कळलं तेव्हा. आम्हा झोल्दोवाल्यांची खोड आहे ही. फेब्रुवारीत निघायची इतकी घाई की शेवटच्या सकाळपर्यंत शेगडी चालू, मग बटन बंद, दाराला कुलूप, गाडी सुरू. पोटात राख तशीच. उन्हाळाभर बंद घरात ती ओल धरते, घट्ट होते. दरवर्षी ऑक्टोबरात ओनोरिना परत आली की पहिल्या दिवशी शेगडी उघडून साफ करायची. अत्तीलियो तेव्हा खाली गावात सगळ्यांना भेटत असायचा. यंदा ते करणारा हातच राहिला नव्हता, आणि ते काम असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

त्याने सुरी घेतली. दांड्याचा टोला मनगटावर. "पातं... वाकेल."

"मग कशाने?"

तिने कपाटाकडे बोट केलं. तिथे आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या चिमुकल्या चमच्यांची पिशवी होती, हजारभर तरी असतील, गुलाबी, हिरवे, पिवळे. चव्वेचाळीस उन्हाळ्यांतून उरलेले. मी आणि अत्तीलियो जमिनीवर बसून त्या चमच्यांनी राख खरवडायला लागलो. चमचे मोडत होते, आम्ही नवे घेत होतो. काळ्या राखेत गुलाबी तुकड्यांचा ढीग झाला. बाहेर पेल्मोच्या डोंगरामागे ढग उतरले होते आणि खोलीत माझी बोटं ओनोरिनासारखी लाल झाली होती. दोनदा मी म्हणाले, "झालं आता." दोनदा ती म्हणाली, "नाही."

तिची परीक्षा अशी: मोटर आडवी धरायची, पंखा बोटाने फिरवायचा आणि थांबू द्यायचा. पहिल्यांदा फिरवला तर तेच पातं खाली येऊन थांबलं. दुसऱ्यांदाही तेच. "जड," ती म्हणाली. "खरवड." अत्तीलियो कुरकुरला नाही. त्याने त्या पात्याच्या कोपऱ्यातली राख चमच्याच्या दांडीने उकरली, फुंकर मारली, परत फिरवला. पंधरा-सोळा वेळा तरी. शेवटी पंखा एकदा इकडे थांबला, एकदा तिकडे, मग भलतीकडेच. ओनोरिनाने स्वतःच्या डाव्या बोटाने फिरवून बघितला, तीन वेळा. तिन्ही वेळा वेगळं पातं खाली.

"आता बसव."

मोटर आणि शेगडीच्या मधली गोल पट्टी, जिच्यामुळे धूर खोलीत येत नाही, ती नीट बसली की नाही हे तिने बोट फिरवून स्वतः पाहिलं. सहा स्क्रू. दोन तारा. प्लग. अत्तीलियोने बटनावर बोट ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं. ती हो म्हणाल्यावर दाबलं.

टक् झालं. कांड्या खाली पडल्याची खुळखुळ झाली. आणि मागून एक बारीक, सलग घरघर यायला लागली, मांजर पायाशी येऊन बसावं तशी. काचेमागे ज्योत धरली. थोड्या वेळाने पुढचा पंखा सुरू झाला आणि गरम वारा माझ्या गुडघ्यांना लागला. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं हे मला त्या घरात कधीच ऐकू आलं नव्हतं.

"ऐकलंस?" अत्तीलियो उडी मारून उठला. "ओलिवा, ऐकलंस? काहीच नाही! चर्चमध्ये तरी एवढी शांतता असते का? त्या मेकॅनिकला सांगतो, नऊ डिसेंबरला ये आणि कॉफी पिऊन जा! खाली सगळ्यांना सांगतो!" त्याने स्टूल ओढलं, तिच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसला. "बोल आता. बोल ना. काहीही बोल. आता कुजबुजलीस तरी ऐकू येईल मला. थांब, जवळ येतो. मफलर काढू का? पाणी आणू का आधी? तू नुसतं—"

"अत्तीलियो," ती म्हणाली. "आता... तू... गप्प बस."

तो गप्प बसला.

ती थोडा वेळ श्वास गोळा करत राहिली. मी दाराशी होते. जायला हवं होतं, पण पाय हलले नाहीत.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "मी... हाक मारली नाही."



"एकदम... पडले. तोंड... उघडलंच नाही. हाक... निघालीच नाही." प्रत्येक शब्द ती कुठूनतरी उचलून आणत होती. "ऐकायला... काही... नव्हतंच."

काळ्या झालेल्या हातांनी त्याने तिचा डावा हात धरला.

"जूनपासून... सांगतेय," ती म्हणाली. "तू... थांबतोस... कुठे?"

मी शाल तशीच ठेवून घरी आले. तिने खरंच हाक मारली नव्हती, की त्याच्यासाठी तसं म्हणाली, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. एकतीस वर्षं टपाल वाटल्यावर कुठलं पाकीट उघडायचं नाही एवढं कळतं.

पण भिंतीला कान मात्र लावला. स्वभावाला औषध नाही. शब्द कळत नव्हते. बराच वेळ एकच आवाज येत होता, बारीक, तुटक, मधे थांबणारा आणि परत सुरू होणारा. आणि तो अत्तीलियोचा नव्हता.